भूपालअण्णा आणि नदीची चाल

आषाढ-श्रावणात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर होते, आधी पाण्याची होते. "किती फुटावर हाय?" एवढंच विचारायचं. कशाचं, कुठलं, हे सांगावं लागत नाही. पानटपरीवर, दवाखान्यात, सराफाच्या दुकानात, सगळीकडे तोच प्रश्न. ज्याला आपल्या मुलाचे दहावीचे गुण आठवत नाहीत, त्याला काल संध्याकाळची पंचगंगेची पातळी इंचासकट पाठ असते.

हाच प्रश्न कुणी भूपाल मगदूम यांना विचारला, की ते विचारणाऱ्याला खालून वरपर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "पावणं, उंची इचारतासा. सोयरीक जमवायची हाय काय?"

विचारणारा ओशाळून हसे. मग अण्णा म्हणत, "उंचीत काय हाय? चाल कशी हाय ती इचारा की."

सुरुवातीची काही वर्षं मला ही त्यांची लकब वाटायची. प्रत्येक सरकारी कार्यालयात असा एक जण असतोच. त्याचं एक ठरलेलं वाक्य असतं आणि त्यावर हसून बाकीचे चहा पितात. त्या वाक्यात काही अर्थ असू शकतो, ही शंका आम्हाला फार उशिरा आली.

अण्णा आमच्या पाण्याच्या खात्यात होते. पंचगंगा कोल्हापूर ओलांडून खाली हातकणंगले तालुक्यात जाते, तिथल्या एका गावच्या बंधाऱ्यावर त्यांची नेमणूक होती. बंधाऱ्याच्या खांबावर फूट-इंचांच्या खुणा रंगवलेली पट्टी, म्हणजे गेज, आहे. ती वाचायची, नमुन्यात लिहायची आणि कोल्हापूरला फोनवर सांगायची, हे त्यांचं काम. खात्याच्या कागदावर त्यांचा हुद्दा ओळभर लांब होता, गावात ते नुसते गेजवाले अण्णा होते. गावाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. घेतलं, तर गावातले दोन्ही गट म्हणतील की आमचं श्रेय दुसऱ्याला दिलं.

मी कोल्हापूरच्या कार्यालयात कनिष्ठ अभियंता होतो आणि पावसाळ्यात त्यांचा फोन घेत असे. ते मला 'धाकलं सायेब' म्हणत. मोठे साहेब दर तीन वर्षांनी बदलत, मी मात्र बरीच वर्षं धाकलाच राहिलो.

अण्णा उंच, हडकुळे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी. खात्याने दिलेला रेनकोट त्यांनी घडीसकट पेटीत ठेवला होता. "त्येला पावसात भिजवायचा व्हय?" असं ते विचारत. मूळचे शिरोळकडचे, जैन, घरची थोडी शेती. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्यायचं, हे दोन नियम त्यांनी कधी मोडले नाहीत. जन्मभर नदी मोजणारा माणूस तांब्यातलं पाणी गाळून पितो, याची मला गंमत वाटे. एकदा म्हटलं, "अण्णा, नदीवर विश्वास नाही होय?"

"विश्वास हाय. ओळख बी हाय," ते म्हणाले. "म्हणून तर गाळतो."

शाळा सातवीपर्यंत. पण डोंगरावर पडलेलं पाणी नदीत कसं येतं, हे मला त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं नाही, आणि मी ते पदवीसाठी शिकलो होतो. आमच्या पुस्तकात बाण होते. ढग, बाण, डोंगर, बाण, नदी. परीक्षेत बाण बरोबर काढले की गुण मिळत.

अण्णांच्या हिशेबी पाणी बाणासारखं कधीच येत नव्हतं. "भुई आधी पिती," ते म्हणत. "तिचं पोट भरल्याबिगर ती नदीला घोटभर बी देत न्हाई. जूनचा पाऊस भुईचा, आषाढाचा नदीचा. पाऊस त्योच, त्येवढाच. पर आधी सगळा जिरतोय आन् मागनं सगळा अंगावर येतोय. तुमचं पाऊस मोजायचं नळकांडं दोनी दिवशी सारकंच आकडं दावतंय, त्येला ह्यातलं काय ठावं?"

एकदा चैत्रात मी तपासणीला गेलो होतो. बंधाऱ्याखाली गावाच्या बाजूने एक ओढा येतो. उन्हाने माती भेगाळली होती, पण त्या ओढ्यात बोटभर पाणी वाहत होतं. अण्णांनी विचारलं, "हे पानी कुटलं?"

"धरणातून सोडलेलं असेल," मी म्हणालो.

"ह्या वढ्याला कुटलं धरण हाय, धाकलं सायेब?"

मी वर माळाकडे बघितलं.

"हे गेल्या आषाढातलं हाय. माळाच्या पोटात शिरलंतं, ते आता सावकाश चालत आलंय. म्हातारं पानी. त्येला घाई नसती."

त्या दिवसापासून मला उन्हाळ्यातल्या ओढ्याकडे नुसतं पाणी म्हणून बघता आलेलं नाही.

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. पाचवी सरस्वती गुप्त आहे, म्हणजे आमच्या भाषेत तिच्यावर मोजणी केंद्र नाही. या चौघींपैकी आज कुणाचं पाणी आलं, हे अण्णा बंधाऱ्यावर उभे राहून रंगावरून सांगत. गगनबावड्याकडची जांभ्याची लाली दिसली की, "कुंभी आली." काळपट गढूळ आलं की, "ही डोंगरातली न्हवं, मधल्या शेतवडीतली. कुणाची तरी माती निघाली." मी कोल्हापुरात परतून वरच्या केंद्रांचे आकडे ताडून बघत असे. अण्णा क्वचित चुकत, आणि चुकले की स्वतःच फोन करून सांगत. खात्यात हा प्रकार नवीन होता.

आणि लिंबं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम चार-सहा लिंबं असत. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला काठावर एक उंबर आहे, तिथून पन्नास पावलांवर विजेचा खांब. उंबरापाशी लिंबू पाण्यात फेकायचं आणि ते खांबासमोर येईपर्यंत काठाने चालत मोजायचं. मोजायचे मात्र कानडीत. ओंदु, येरडु, मूरु. त्यांच्या अव्वाने, म्हणजे आईने, त्यांना अंक तसे शिकवले होते, आणि मराठीत मोजलं की नदी घाईत असल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. लिंबूच का, याचं उत्तरही तयार होतं. लाकडाला वारा पळवतो. फूल तर वाऱ्याचंच. लिंबू बहुतेक पाण्यात बुडून चालतं, म्हणजे पाणी नेईल तसंच जातं. पिवळं असल्याने लांबून दिसतं. आणि हरवलं तर माशाला त्रास नाही.

गावात याचा भलताच अर्थ निघणं अटळ होतं. पांढऱ्या कपड्यातला एक हडकुळा माणूस रोज नदीत लिंबं टाकतो आणि कानडीत पुटपुटतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या दिवसांत, नेमक्या अवसेला, एका गटाच्या प्रमुखाच्या नदीकाठच्या मोटरीजवळ तीन लिंबं अडकलेली सापडली. तो दहा माणसं घेऊन बंधाऱ्यावर आला.

"अण्णा, कुणाच्या सांगण्यावरनं उतारा टाकलासा? नाव सांगा."

"सरकारच्या," अण्णा म्हणाले.

त्यांनी त्याला सगळी रीत समजावून सांगितली, वर खिशातलं लिंबू काढून पुढे धरलं. "तुमी टाका, मी मोजतो. कळंल तुमास्नी." प्रमुख दोन पावलं मागे सरकला. दहाही माणसं सरकली. मग अण्णांनी तेच लिंबू चाकूने चिरलं, तांब्यातल्या गाळलेल्या पाण्यात पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. "झालं? आता माजं काय हुतंय ते उद्या येऊन बगा."

अण्णांना काही झालं नाही. प्रमुख मात्र निवडणूक हरला आणि त्याचं खापर शेवटपर्यंत लिंबावर फोडत राहिला.

खात्यातला तंटा याहून लांबला. आमच्या नमुन्यात तारीख, वेळ, उंची आणि प्रवाह एवढेच रकाने होते. प्रवाह मोजायचा नसे. कार्यालयात एक तक्ता होता, इतकी उंची म्हणजे इतके क्युसेक. उंची बघायची आणि तक्त्यातला आकडा उतरवायचा. तक्ता चांगला होता. फक्त नदीने तो वाचून वाहायला हवं होतं. अण्णांनी पेन्सिलीने पट्टी मारून नमुन्यात पाचवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'चाल'. लिंबाला किती आकडे लागले ते तिथे. कार्यालयातून पत्र गेलं, विहित नमुन्यात नसलेले रकाने भरू नयेत. अण्णांनी पत्राची पोच दिली, पत्र नीट फाईलला लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी घेतली.

साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी वही उघडली. एका ओळीत प्रवाहाची जागा कोरी होती आणि चालीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चाल नाही'.

"चाल नाही हा काय आकडा झाला?" साहेब म्हणाले. "उंची आहे ना? तक्त्यातून प्रवाह टाका."

"टाकला आस्ता सायेब. पर त्या दिशी पानी उबं हुतं. उब्या पान्याला वाहतंय म्हणून कसं लिवू?"

"मगदूम, नदी उभी राहत नसते."

"नसती की. पर फूग आली की ऱ्हाती."

फूग म्हणजे पुढे वाट नसल्याने मागे तुंबून चढलेलं पाणी. साहेबांना शब्द माहीत होता, पण त्यांच्या तक्त्याला माहीत नव्हता. आणखी एका पानावर ताप भरलेल्या दिवशी अण्णांनी दुपारच्या ओळीत 'पाहिलं नाही' असं लिहून ठेवलेलं होतं. साहेबांनी सुचवलं, की सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा बघून मधला टाकायला काय हरकत होती? सगळे तसंच करतात. अण्णा म्हणाले, "सगळ्यास्नी दिसलं आसंल. मला न्हाई दिसलं."

साहेब वाईट गृहस्थ नव्हते. परतीच्या वाटेवर गाडीत ते आधी खिडकीतून नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा माणूस त्रासदायक आहे." मी हो म्हणालो. त्यात कौतुकही होतं, हे मला नंतर कळलं. त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे.

एकदा कोल्हापुरात एका मोठ्या हॉटेलात नद्यांच्या पाणलोटावर कार्यशाळा झाली. दीपप्रज्वलनाला अर्धा तास लागला, कारण दिव्याला वाती पाच होत्या आणि मान्यवर नऊ. मोजणी कर्मचाऱ्यांना शेवटच्या रांगेत बसवलं होतं. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी पडद्यावर रंगीत नकाशे दाखवले. शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा अण्णा उठले. आमचे साहेब खुर्चीत जरा खाली सरकले.

"पट्टीवर उंची तीच, पर चढताना पानी पळतंय आन् उतरताना रेंगाळतंय, आसं आमच्याकडं हुतंय. तुमच्याकडं बी हुतंय का?"

तज्ज्ञ थांबले. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारून घेतला. मग पडदा बंद करून फळ्यावर एक वेटोळं काढलं आणि म्हणाले, गेला तासभर मी जे सांगायला हवं होतं ते हे आहे. चढती नदी आणि उतरती नदी एकाच उंचीला दोन वेगळ्या नद्या असतात. जेवणाच्या वेळी ते मान्यवरांचं टेबल सोडून अण्णांच्या शेजारी येऊन बसले. अण्णांनी त्यांना लिंबाची रीत सांगितली. त्यांनी ताटातली लिंबाची फोड उचलून निरखून पाहिली. मला त्या दिवशी आपल्या खात्याचा प्रथमच अभिमान वाटला आणि तो शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसामुळे वाटला.

निवृत्तीचं आत्ताच सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. माझी तोवर बदली झाली होती, जाता आलं नाही. निमंत्रणपत्रिका आली. तिच्यात सत्कार करणाऱ्या अकरा जणांची नावं ठळक होती आणि सत्कार कुणाचा हे शोधावं लागत होतं. अण्णा शिरोळकडे आपल्या गावी गेले. ते वारले त्याला आता दोन पावसाळे झाले. चालीचा रकाना नमुन्यात घ्यावा असा प्रस्ताव आमच्या साहेबांनी वर पाठवला होता. तो अजून वरच आहे.

पण साहेबांनी तो पाठवला, याला एक पूर कारण झाला.

त्या वर्षी पाऊस किती दिवस लागून होता ते मोजायचं लोकांनी सोडून दिलं होतं. बंधाऱ्याच्या गावात नदीकडे उतरत जाणारी खालची आळी आहे. तिथली घरं रिकामी करून माणसं आणि जनावरं माळावरच्या हायस्कुलात आणली होती. वर्गांत माणसं, पटांगणात आणि व्हरांड्यात म्हशी. तीन दिवस झाले होते. वैरण संपत आली होती, म्हशी अंग आकसून उभ्या, दूध आटलेलं. आणि चौथ्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन पडलं.

पश्चिमेला, जिकडे बघून कोल्हापूरकर पावसाचा अंदाज बांधतो, आभाळ निळं झालं होतं. कोल्हापुरात पाणी काही इंच उतरल्याचं आम्हीच सकाळी कळवलं होतं. अण्णांच्या पट्टीवरही दोन इंच उतरलं होतं, मग ते थांबलं. त्यांनी फोनवर मला उंची सांगितली आणि म्हणाले, "चाल न्हाई. खाली फूग हाय. लोकांस्नी सोडू नगासा, म्हणावं."

मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी तक्ता बघितला, आभाळ बघितलं आणि म्हणाले, प्रत्यक्ष जाऊन बघू. एक पुढारी त्याच गावाला निघाले होते, त्यांच्या सात गाड्यांच्या मागे आमची आठवी लागली.

हायस्कुलाच्या पायरीवर माईक लावलेला होता. पुढाऱ्यांनी पूरग्रस्तांच्या पाठीशी आपण पहाडासारखे उभे आहोत असं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पाऊस थांबलेला आहे. पाणी उतरायला लागलेलं आहे. आज दुपारनंतर आपापल्या घराकडं जायला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही!" टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या होत्या त्या. तीन दिवस बाकावर झोपलेली माणसं होती.

लोक लगेच बोचकी बांधायला लागले. हौसाक्का नावाच्या बाईंनी दोन म्हशींचे कासरे सोडायला घेतले. खालच्या आळीत सगळ्यात शेवटचं, नदीला सगळ्यात जवळचं घर त्यांचं. एक म्हैस दिवसांत आली होती, आज-उद्या व्यायची.

अण्णा गर्दीतून पुढे आले. "हौसाक्का, म्हशी सोडू नगंस."

"का रं?"

"पानी अजून चढनार हाय."

"ऊन पडलंय, तुला दिसंना का? आन् ह्यास्नी काय कळत न्हाई?" त्यांनी माईककडे हात केला. "म्हस येडीवाकडी झाली तर? हितं फरशीवर वीतीया व्हय? तुजं लिंबू बघून मी हितं बसू?"

लोक हसले. पुढाऱ्यांनी साहेबांना विचारलं, "हे लिंबूवाले कोण?" साहेबांनी सांगितलं, आमचेच कर्मचारी आहेत. मग अण्णांना म्हणाले, "मगदूम, उंची उतरलीय ना? तसा अहवाल लिहून द्या."

"दोन इंच उतरलीया, ती लिवली. चाल न्हाई, ते बी लिवलं. उतरतंय म्हणून न्हाई लिवनार."

"अहो, पाऊस थांबलाय!" पुढारी म्हणाले.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. लोकांकडे वळून बोलले, आणि मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना तेव्हाच ऐकलं. "गल्लीतनं वरात चाललीया. गल्लीच्या तोंडाला कुनीतरी ट्रॅक्टर आडवा लावला. मागं बँडवाल्यानं वाजवायचं बंद केलं, म्हणून वरात घरी जाती व्हय रं? चेंगरून उबी ऱ्हाती. पाऊस म्हंजी बँड. त्यो थांबला. पर नरसोबाच्या वाडीला, आपली नदी जितं मिळती तितं, किस्ना आडवी बसलीया. तिकडं साताऱ्याकडनं तिचं पानी अजून यायचं हाय. ती हलल्याबिगर आपल्या नदीला वाट न्हाई, आन् वरनं कोल्लापुरचं उतरलेलं पानी येनार ते हितंच. जायाचं कुनीकडनं त्येनं?"

पण कासरे कुणी बांधले नाहीत.

त्यांनी कुंपणातली एक काठी उपसली. हायस्कुलाच्या रस्त्याचा उतार खालच्या आळीकडे जातो, तिथे पाण्याच्या कडेपासून हातभर वर, कोरड्यात, ती रोवली. "ही काठी. चार वाजेस्तवर कोरडी ऱ्हायली तर जावा समदी. माजी वही नदीत टाकून द्या. पर चारपातूर कुनीबी खाली उतरायचं न्हाई. हौसाक्का, तुला माज्या गळ्याची आन हाय."

"तुजी आन घालून घ्यायला तू माजा कोन?" हौसाक्का म्हणाल्या. पण कासरा हातातच धरून त्या काठीशेजारी बसल्या. जाणार होत्या, फक्त चार वाजता.

पुढाऱ्यांना अजून तीन गावं करायची होती. सात गाड्या गेल्या. आमची आठवी थांबली, कारण साहेब म्हणाले, थांबू. मला वाटतं, त्या दिवशी साहेबांनी एवढं एकच काम केलं आणि ते पुरेसं होतं.

लख्ख ऊन होतं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. सगळं गाव उतारावर बसून एका काठीकडे बघत होतं. अण्णा मात्र तिकडे बघत नव्हते. ते कुंपणाला टेकून उभे होते, ओठ घट्ट मिटलेले. मी जवळ गेलो तेव्हा दिसलं, की खिशातलं एक लिंबू ते बोटांत फिरवत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "धाकलं सायेब, चुकलो तर ही मानसं पुन्यांदा माजं ऐकायची न्हाईत. आन् पुन्यांदाची येळ येनार हाय."

पाऊण वाजता पाण्याची कड काठीच्या हातभर खालीच होती. एक वाजता जराशी पुढे वाटली. कुणीतरी म्हणालं, वाऱ्यानं. दोनला चार बोटं राहिली. वारा नव्हता. पाण्याला आवाज नव्हता, लाट नव्हती. ताटात डाळ पसरावी तसं ते उन्हात चकाकत वर सरकत होतं. अडीचला काठीचं बूड ओलं झालं.

हौसाक्का उठल्या. म्हशी घेऊन व्हरांड्यात गेल्या आणि कासरे बांधले. मग एकेक जण उठला. चार वाजता काठी निम्मी बुडाली होती, आणि खालच्या आळीत हौसाक्कांच्या उंबऱ्यावरून पाणी आत गेलं होतं. तेव्हा त्या तिथे असत्या, तर दिवसांतली म्हैस घेऊन वर यायला वाट उरली नसती. साहेबांनी पुढाऱ्यांना फोन लावला. त्यानंतर बाकीच्या तीन गावांत ते काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण तिथलंही कुणी त्या दिवशी खाली उतरलं नाही.

पाणी खरोखर उतरायला आणखी तीन दिवस गेले. मी पंचनाम्यांच्या कामाने तिथेच होतो. त्या तिसऱ्या सकाळी अण्णा नदीवरून आले तेव्हा सगळं गाव बोचकी बांधून पटांगणात उभं होतं. रेडिओवर सांगून झालं होतं, मोबाईलवर संदेश आले होते, तलाठ्यांनीही जा म्हटलं होतं. कुणीही जागचं हललं नव्हतं. सगळे फाटकाकडे बघत होते.

हौसाक्का पुढे होत्या. "काय रं अण्णा? जाऊ का आता?"

"जावा," अण्णा म्हणाले.

एवढंच. त्या एका शब्दावर पटांगण हललं. आभार वगैरे कुणी मानले नाहीत. तशी पद्धत नाही. "येवडं सांगायला तीन दिस लावलंस, सरकारी हायस म्हनून," असं मात्र हौसाक्का जाता जाता बोलल्या.

त्यांची म्हैस आदल्या दिवशी सातवीच्या वर्गात व्याली होती. रेडी होती. एका दिवसाचं ते रेडकू रस्त्यावरच्या गुडघाभर चिखलात उभं राहीना. आई हंबरत पुढे-मागे करत होती, मागची सगळी गर्दी खोळंबली. अण्णांनी टोपी नीट केली, खाली वाकले, रेडीला उचलून खांद्यावर घेतलं आणि चार पाय छातीशी धरून चालू लागले. त्यांचा पांढरा सदरा पाठीपर्यंत चिखलाने भरला. म्हैस त्यांच्या मागे, हौसाक्का म्हशीच्या मागे आणि त्यांच्या मागे अख्खी खालची आळी.

त्याच दुपारी मला कोल्हापूरला बोलावणं आलं आणि मग बदली झाली, म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. आळीच्या वळणावर ते थांबले. रेडीने कानाला तोंड लावलं होतं, म्हणून मान तिरकी करून त्यांनी मागे ओरडून विचारलं, "हौसाक्का, ही खाली ठेवायची कुटं? उंबऱ्यातच न्हवं?"

"उंबऱ्यात नगं, वल हाय! चुलीच्या वट्यावर ठेव!" हौसाक्का मागून ओरडल्या.

आणि ते आळीत आत गेले.